आज फवारा, उद्या खा

मला राग पटकन येतो. आई म्हणते, तुझा राग नाकावरच ठेवलेला असतो. असू दे. पण आता जे सांगणार आहे ते ऐकून ज्याला राग येणार नाही, त्याने एकदा स्वतःची नाडी तपासून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी एका कारखान्यात केमिस्ट आहे. कारखाना म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याच्या दोन शेड, मधे अंगण, अंगणात ताडपत्रीवर वाळत घातलेल्या सीताफळाच्या बिया आणि मागच्या अंगाला माझी खोली. आम्ही पिकांवर फवारायचं औषध बनवतो, तेही वनस्पतींपासून. बिया वाळवायच्या, भरडायच्या, त्यांचा अर्क काढायचा, गाळायचा आणि बाटल्या भरायच्या. मावा, पांढरी माशी, पानं कुरतडणाऱ्या अळ्या, सगळ्यांचा बंदोबस्त. या बियांची पूड डोक्यातल्या उवा मारते आणि डोळ्यात गेली तर डोळ्याचं वाटोळं करते, हे जुन्या बायकांना कोणी न शिकवता माहीत असतं. भरडणीच्या यंत्रापाशी डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय मी कोणाला उभंच राहू देत नाही.

माझ्या खोलीत एका भिंतीला फळ्या आहेत आणि फळ्यांवर डबे. डब्यांच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधलेलं, आत अळ्या. मी त्या पाळते. अंड्यांपासून वाढवते, कोवळी पानं घालते, साफसफाई करते आणि अंगाने चांगल्या भरल्या की त्यांना फवारलेलं पान खायला देते आणि मरतात का बघत बसते. आई सगळ्यांना सांगते, "माझ्या घरात जावई आला नाही, अळ्या आल्या." हसून सांगते, म्हणून मी ऐकून घेते.

तर आमचं जुनं औषध. गुणाचं होतं, पण त्याला एक खोड होती. ऊन त्याला खाऊन टाकायचं. आज सकाळी फवारलं की उद्या दुपारपर्यंत पानावर त्याचा मागमूस नाही. अळ्यांना काय, चार दिवसांत नव्या हजर! शेतकरी वैतागायचे. आमच्या मालकांनी मात्र या खोडीचंच भांडवल केलं होतं. बाटलीवर मोठ्या तांबड्या अक्षरांत छापलं होतं: आज फवारा, उद्या खा! गाडीवरही तेच रंगवलं होतं, मागून, पुढून, दोन्ही बाजूंनी. आणि ते खरं होतं हो. मी स्वतः तपासून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तोडलेल्या टोमॅटोवर माझ्या अळ्या मजेत चरायच्या आणि लठ्ठ व्हायच्या.

त्या वाक्याचा चालताबोलता पुरावा म्हणजे माझा धाकटा भाऊ.

धाकट्याने आधी बरंच काही करून पाहिलं होतं. टेम्पो चालवला, मोबाइलचं दुकान टाकलं, विमा विकला. कशातच जीव रमला नाही आणि कशानेच त्याला जवळ केलं नाही. मग मालकांनी त्याला आमच्या प्रचाराच्या गाडीवर घेतलं आणि आमचा धाकटा एकदम उमलला. माणसं जमवायला त्याला फार वेळ लागत नाही. आदल्या दिवशी कोणाच्यातरी शेतात टोमॅटोच्या दोन ओळी फवारून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी लोक गोळा करायचे, माइक हातात घ्यायचा, अळीची नक्कल करायची, बायकोला घाबरणाऱ्या माव्याचा किस्सा सांगायचा. लोक हसून बेजार झाले की फवारलेल्या झाडाचा टोमॅटो तोडायचा, शर्टाला पुसायचा आणि सगळ्यांच्या देखत कचकन चावायचा. रस हनुवटीवरून ओघळला पाहिजे, हा त्याचा नियम. "आज फवारा," तो ओरडायचा. "उद्या खा!" लोक ओरडायचे. कारखान्यात याला सगळे घास म्हणत. "आज किती घास झाले?" असं मालक संध्याकाळी विचारत. हंगामात दिवसाला तीन-चार घास सहज होत. पोरंसोरं त्याला टोमॅटोभाऊ म्हणायची. मालक चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हा नोकर नाही बरं का. हा आमच्या घरचा माणूस." हे ऐकलं की धाकट्याची छाती अशी फुगायची की शर्टाची बटणं तुटतील असं वाटायचं.

मग मालकांनी मला सांगितलं, "बाई, औषध टिकाऊ करा. ऊन लागलं तरी आठवडाभर पानावर राहिलं पाहिजे."

मी कामाला लागले. आधी डिंक घालून पाहिला, तर फवारणीच्या पंपाची तोंडंच बुजली. तेल घालून पाहिलं, तर उन्हात पानं करपली. शेवटी कपड्यांना देतात तसल्या खळीने साथ दिली. अर्काचा प्रत्येक थेंब खळीच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळायचा, म्हणजे ऊन आत शिरायला वेळ घेतं आणि पानाला तो घट्ट चिकटूनही बसतो. लिहायला एक ओळ लागते, करायला माझ्या डोक्याचे केस पिकले. पण ज्या दिवशी आठवड्याभरापूर्वी फवारलेलं पान खाऊन माझ्या डब्यातल्या अळ्या आडव्या झाल्या, त्या दिवशी मी एकटीच खोलीत टाळ्या पिटल्या. भरडणीवरचा गडी डोकावून गेला, बाईंना वेड लागलं की काय म्हणून.

आणि टाळ्या पिटता पिटताच माझा हात थांबला. आठ दिवसांच्या पानावर अळी मरते, मग दुसऱ्याच दिवशी खायच्या टोमॅटोचं काय?

फवारलेल्या झाडांचे टोमॅटो दुसऱ्या दिवशी तोडले. नळाखाली खसखसून धुतले. साल काढली आणि अळ्यांना घातली. मेल्या. चौथ्या दिवशीच्या साली घातल्या. मेल्या. आठवडा उलटल्यावरच्या सालीवर कुठे त्या जगू लागल्या. म्हणजे औषध चोख झालं होतं. फक्त बाटलीवरचं वाक्य आता सरळ सरळ खोटं होतं.

मला वाटलं, सोपं काम आहे. वाक्य बदलायचं. फवारल्यावर आठ दिवस तोडू नका. बस्स! आपल्याकडून शहाणपणाची अपेक्षा कोणी करू नये म्हणून काही माणसं किती मेहनत घेतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

वरच्या माळ्यावर मालकांच्या खोलीत गार हवा असते आणि मऊ खुर्ची असते. तिच्यात ते रेलून बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

"बाई, वनस्पतीचं आहे हो. झाडाला कोण घाबरतं?"

"कण्हेर झाडच आहे," मी म्हटलं. "धोतराही झाडच आहे. घालू का चहात?"

"तुम्ही टोकाचं बोलता. लोक धुऊन खातात."

"मी धुऊनच बघितलं. खसखसून."

"अळी केवढी आणि माणूस केवढा!"

"एक टोमॅटो खाऊन माणूस मरतो असं मी म्हणतच नाही. पण रोज खाल्ला तर काय होतं? महिनाभर खाल्ला तर? कोणी बघितलंय? तुम्ही नाही, मी नाही. मग जे बघितलंच नाही ते बाटलीवर कसं छापता? अळीने आठ दिवस मरायचं आणि माणसाने दुसऱ्याच दिवशी मिटक्या मारायच्या, दोन्ही एका बाटलीत कसं बसवता तुम्ही?"

मालकांनी चष्मा काढून पुसला. "ते वाक्य म्हणजे आपला चेहरा आहे. लोक औषधाचं नाव विसरतात, वाक्य विसरत नाहीत. आठ दिवस थांबा असं लिहिलं, तर दुकानदार म्हणेल, मग त्या दुसऱ्या रासायनिक औषधात आणि तुमच्यात फरक काय? तुम्ही औषध सुधारलंत, फार उत्तम. आता वाक्य माझ्यावर सोडा."

मी पायऱ्या उतरत होते आणि माझंच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. रोज खाल्ला तर? असा रोज कोण खातं? आणि मधल्याच पायरीवर मी थबकले. रोज खाणारा आमच्याच घरात होता की! दिवसाला तीन-तीन, चार-चार.

त्या संध्याकाळी मी धाकट्याला समोर बसवलं. सगळं समजावलं, अळ्यांसकट. तो चटणी-भाकरी नाही तर माझं बोलणं चघळत असल्यासारखा मान हलवत राहिला.

"ताई, तुझ्या अळ्या नाजूक आहेत," तो म्हणाला. "मी नाही."

"अरे, चेष्टा नाही ही! नव्या औषधाचा घास घ्यायचा नाही. बोल, नक्कल कर, नाच हवं तर. चावायचं नाही."

"घासाशिवाय माझ्या बोलण्याला कोण विचारतं? लोक घासासाठी थांबतात. आणि काही असतं तर मालकांनी मला सांगितलं नसतं का? ते मला घरचा मानतात."

"मी कोण आहे मग? परकी?"

"तू ताई आहेस," तो हसत म्हणाला. "तू मला लहानपणी बोरंही खाऊ द्यायची नाहीस, खोकला होईल म्हणून."

आईने त्याची बाजू घेतली. नेहमीसारखीच. "कधी नव्हे ते मूल मार्गी लागलंय," म्हणाली. "तू आता त्यात काड्या घालू नकोस." मी ताट ढकललं आणि उठले.

दुसऱ्या दिवसापासून मी आपल्या हाताने चिठ्ठ्या लिहून नव्या बाटल्यांच्या खोक्यांवर चिकटवायला सुरुवात केली. आठ दिवस तोडू नका, फवारताना डोळे झाका. संध्याकाळी चिकटवायचे, सकाळी येऊन बघावं तर कोणीतरी नखाने खरवडून काढलेल्या. कोण खरवडतं विचारलं की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. मी पुन्हा चिकटवायचे. पालथ्या घड्यावर पाणी, पण मीही हट्टाला पेटले होते.

आणि हंगाम सुरू झाला. गाडी रोज बाहेर पडू लागली. धाकटा रोज उन्हाने रापून, आनंदात घरी यायचा. एकदा म्हणाला, "ओठ बधिर झाल्यासारखे वाटतात गं, कुठेतरी तिखट खाल्लं असेन." मी ओरडले. तो म्हणाला, झालं हिचं सुरू. मग एका सकाळी आईने त्याच्या हातात चहा दिला आणि कप बशीवर खडखडू लागला. त्याने पटकन दुसरा हात लावला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

"झोप झाली नाही नीट," तो म्हणाला.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला राग आलाच नाही. भीती वाटली. मी त्याला ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला बोटं पसरायला लावली, नाकाला बोट लावायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली, माझ्याकडून घासांचं सगळं ऐकून घेतलं. "मज्जातंतूंवर ताण दिसतोय. कशामुळे ते छातीठोक सांगता येणार नाही, पण ते जे काही खाता ते आधी बंद," म्हणाले. रस्त्याला लागताच धाकटा म्हणाला, "बघ, छातीठोक सांगता येणार नाही, असंच म्हणाले ना?" यापुढे माणसाने कपाळ तरी किती बडवायचं?

त्याच आठवड्यात माझ्या खोलीतला फोन वाजला. मालकीणबाई होत्या. मनाने निर्मळ आणि बोलायला लागल्या की न थांबणाऱ्या. त्यांच्या बंगल्यामागे भाजीचा छोटा वाफा आहे, त्याचं त्यांना फार कौतुक.

"अगं, एक विचारायचं होतं. आपलं नवीन औषध आणलंय ना यांनी, ते मागे फवारलंय. हे म्हणाले, बाईंनी सांगितलंय, आठवडाभर टोमॅटोला कोणी हात लावायचा नाही. मी लावत नाहीच. पण वांग्याचंही तसंच का गं? यांना विचारलं, तर म्हणाले बाईंनाच विचार."

मी खुर्चीत बसले. "वांग्याचंही तसंच," म्हटलं.

"बरं झालं विचारलं हो. ठेवू?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी अंगावर कळलं. या माणसाला माझं बोलणं पटलं होतं! शब्दन् शब्द पटला होता. मी वेडी समजत होते की ह्यांना समजत नाही, म्हणून रोज नव्याने समजावत होते. मी तशीच जिना चढले आणि दार न वाजवता आत गेले.

"घरी सांगितलंत," मी म्हटलं. "आठवडाभर तोडू नका म्हणून."

ते गोंधळलेही नाहीत. "घरात नातवंडं आहेत हो," म्हणाले. "काळजी घेतलेली बरी."

"आणि माझा भाऊ?"

"तो धडधाकट आहे, जवान आहे. एवढासा घास. बाई, तुमचं औषध यावर्षी सगळ्यांना मागे टाकणार आहे. जरा कौतुक करून घ्यायला शिका."

लाज नावाची गोष्ट त्यांच्या आसपासही फिरकली नव्हती. मी घरी येऊन धाकट्याला फोनची हकिकत सांगितली, तर तो उलट माझ्यावरच चिडला. "मालकीणबाई ऐकतात एक आणि बोलतात एक, सगळ्यांना माहितीये. तुला मालक आवडत नाहीत एवढंच खरं आहे, ताई." आणि मग हळू आवाजात म्हणाला, "परवा मोठा कार्यक्रम आहे. भाजीचे मोठे व्यापारी येणार आहेत. मालक म्हणाले, हा झाला की गाडी तुझी, माणसं तुझी, सगळं तू बघायचं. माझं एवढं एक होऊ दे." त्याने हात पाठीमागे धरले होते. मला दिसू नयेत म्हणून.

कार्यक्रमाला मला कोणी बोलावलं नव्हतं. मी खोक्यांच्या गाडीत बसून गेले.

शेताच्या कडेला कापडी मांडव घातला होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत व्यापारी, त्यांत एक जाड काचांच्या चष्म्याची व्यापारीणबाई, तिच्या शेजारी मालक आणि मालकीणबाई. मागे शेतकरी, बायका, कडेवर पोरं. पलीकडे टोमॅटोच्या ओळी, आदल्या दिवशी फवारलेल्या. फळं काय लगडली होती! एका पानाला भोक नव्हतं. ते बघून मला भरून आलं, हेही सांगते. ते माझं काम होतं.

धाकट्याने माइक दोन्ही हातांनी धरला होता. लोकांना ती त्याची लकब वाटली असेल. अळीची नक्कल झाली, माव्याचा किस्सा झाला, व्यापारीसुद्धा पोट धरून हसले. मग तो ओळीत शिरला, एक लालबुंद टोमॅटो तोडला, शर्टाला पुसला. लोक पुढे सरकले. मागच्या काही बायांनी हात पुढे केले, आम्हालाही द्या म्हणून.

मी उठले आणि जाऊन त्याच्या हातातला माइक घेतला.

"आजचा दिवस मोठा आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "नेहमी माझा भाऊ घास घेतो. आज हा मान मालकांचा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी शीळ घातली. मालक उभे राहिले, हसतच. हसू तोंडावर होतं, डोळे मला फाडून खात होते. धाकट्याने भाबडेपणाने टोमॅटो पुढे केला. मालकांनी तो घेतला, उंच करून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "मंडळी, खाल्ला असता हो, पण मुतखडा! डॉक्टरांनी टोमॅटो बंद केलाय." मांडवात हशा पिकला.

आणि आमचा धाकटा! मालक अडचणीत आहेत एवढं त्याला कळलं आणि तो धावला. त्यांच्या हातातून टोमॅटो घेत ओरडला, "मालकांच्या वाटचा घास मी घेतो!" पुन्हा टाळ्या. टोमॅटो तोंडाशी नेताना त्याचा हात असा थरथरत होता की पुढच्या रांगेतल्या बाईंनी चष्मा सावरून बघितलं.

"मग मालकीणबाई घेतील," मी घाईघाईने म्हटलं आणि माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. "घेता ना, मालकीणबाई? कालच फवारलेला ताजा टोमॅटो."

"अगं बाई, कालचा?" त्या दचकून म्हणाल्या. माइकमधून सगळ्या शेतभर ऐकू गेलं. "कालचा कसा खायचा? आमच्याकडे तर आठवडाभर कोणी हात लावत नाही. सुनेलाही बजावलंय मी, पोरांना वाफ्यात सोडू नको म्हणून. यांनीच सांगितलंय ना." आणि त्यांनी कौतुकाने नवऱ्याकडे बघितलं.

मागे हात पुढे केलेल्या बायांनी हात मागे घेतले. एकीने कडेवरच्या पोराची मूठ उघडून बघितली.

धाकट्याचा टोमॅटो ओठांपाशीच राहिला होता. त्याने तो खाली घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. मालकांकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

"घरच्यांना सांगितलंत," तो म्हणाला. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू आलं. "मग मला का नाही सांगितलंत?"

मालकांनी घसा खाकरला. "अरे... तू कधी विचारलंच नाहीस."

धाकट्याने मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. टोमॅटो मांडवातल्या टेबलावर ठेवायला गेला, पण हाताला टेबल सापडेना. टोमॅटो कडेवरून घरंगळला आणि व्यापाऱ्यांच्या पायांशी गेला. कोणी उचलला नाही.

व्यापारीणबाई उभ्या राहिल्या. मालकांना ओलांडून माझ्याकडे आल्या. "किती दिवस थांबायचं?" त्यांनी विचारलं.

"आठ दिवस," मी माइकमधून म्हटलं. "फवारल्यावर आठ दिवस तोडायचं नाही, आणि फवारताना डोळे झाकायचे. एवढं पाळा, याच्याएवढं गुणी औषध दुसरं नाही. मी बनवलंय, मी सांगते."

"हे बाटलीवर असेल तर माल घेईन," त्या मालकांना म्हणाल्या. "नसेल तर नाही."

आता ते बाटलीवर आहे. मोठ्या तांबड्या अक्षरांत. माणसं जे माझ्या सांगण्याने करत नाहीत ते गिऱ्हाईक जाईल म्हणून करतात, त्याचा संताप मी अजून गिळलेला नाही. गाडीवरचं वाक्य रंग मारून बुजवलंय, पण उन्हात ते खालून अजून दिसतं. मालक मला बघून रस्ता बदलतात. कारखाना सोडशील का, असं बरेच जण विचारतात. मी का सोडू? औषध माझं आहे. खोटं त्यांचं होतं.

धाकट्याने गाडी सोडली. डॉक्टर म्हणतात, हात सुधारेल कदाचित, वेळ लागेल, किती ते विचारू नका. तो आता कोणाची नक्कल करत नाही. आईने मला त्या दिवसापासून एकदाही, काड्या घालतेस, असं म्हटलेलं नाही.

फक्त रोज सकाळी ती चहा ओतते. माझा कप काठोकाठ भरते आणि त्याचा अर्धाच भरते. त्याचा संपला की परत उठते आणि उरलेला अर्धा देते.